छावणीचा राखणदार

उन्हाळ्याच्या सुटींत तरुणांनीं घर सोडून रानांत जावें, आठ-दहा दिवस एकत्र राहावें, हातांनीं काम करावें आणि संध्याकाळीं कांहीं चांगलें ऐकावें, ही चाल आपल्या देशांत आतां चांगलीच रुळली आहे. अशा छावण्यांचे वृत्तांत छापले जातात. उद्घाटन कोणीं केलें, व्याख्यानें कोणाचीं झालीं, तरुण किती आले, हें सर्व त्यांत असतें. परंतु ज्या जागेवर छावणी भरली ती जागा वर्षाचे उरलेले दिवस कोणीं सांभाळली, विहिरीचा दोर कोणीं बदलला, छपरावर गवत कोणीं घातलें, हें त्यांत बहुधा नसतें. या निबंधांत आम्ही त्या माणसाचा इतिहास सांगणार आहों.

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत हा विषय कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्युबिली ही वर्षांची मोजणी आहे, आणि वर्षें मोजतां येतात तीं कोणी तरी त्या जागीं राहिलें म्हणून. शिवाय आपला बीड जिल्हा हा जाणाऱ्यांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळी झाली कीं येथील कित्येक गांवें ऊसतोडीस निघतात आणि घरांस कुलुपें लागतात. जेथें जाणें हाच नियम होऊन बसला आहे, तेथें मागें राहण्याचें मोल काय, हें आपल्या लोकांस दुसऱ्या कोणीं शिकवावयास नको.

प्रथम छावण्यांचा इतिहास थोडक्यांत पाहूं. इ. स. १९०७ च्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडच्या दक्षिणेकडील ब्राउनसी नांवाच्या बेटावर बेडन-पॉवेल यांनीं सुमारें वीस मुलांची छावणी भरविली. तींतून पुढें स्काउटांची चळवळ निघाली. त्या छावणीस राखणदार नव्हता, कारण तिला स्वतःची अशी जागाच नव्हती. तंबू ठोकले, आठवड्यानें उपटले, आणि बेट पुन्हां मोकळें झालें. बारा वर्षांनीं, इ. स. १९१९ त, मॅक्लारेन नांवाच्या एका गृहस्थानें लंडनजवळ गिलवेल येथील एक मोडकळीस आलेली वाडी विकत घेऊन स्काउटांस दिली. तेव्हां प्रथमच हा प्रश्न उभा राहिला कीं, छावणी उठल्यावर या जागेचें काय करावें. ईस्टरच्या सुमारास तरुणांची एक तुकडी तेथें साफसफाईस गेली. जमीन इतकी ओली होती कीं तंबू लावणें शक्य होईना. तेव्हां त्यांनीं माळ्याच्या जुन्या खोपटांत रात्र काढली, आणि थट्टेनें त्या खोपटास 'डुकरांचें खुराडें' असें नांव दिलें. तें खोपट पुढें जपून ठेवण्यांत आलें. मोठ्या चळवळीच्या कायमच्या जागेचा आरंभ अशा रीतीनें एका माळ्याच्या खोपटांत झाला, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

दुसरा प्रवाह श्रमाच्या छावण्यांचा. पहिलें महायुद्ध संपल्यावर पियेर सेरेसोल या स्विस गृहस्थानें इ. स. १९२० त फ्रान्समध्यें व्हर्दूनजवळच्या एस्न या उद्ध्वस्त गांवीं निरनिराळ्या देशांच्या स्वयंसेवकांची छावणी नेली. कालचे शत्रू एकत्र येऊन घरें बांधतील तर लोकांचीं मनें जुळतील, असा त्याचा विश्वास होता. स्वयंसेवकांत जर्मनही होते. तें गांवास सहन झालें नाहीं, आणि कांहीं महिन्यांनीं छावणी उठवावी लागली. पुढें ही चळवळ 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या नांवानें प्रसिद्धीस आली. इ. स. १९३४ च्या जानेवारींत बिहारमध्यें मोठा भूकंप झाला, त्यानंतर सेरेसोल स्वतः भारतांत आला व आपल्या सोबत्यांसह तेथील गांवें पुन्हां वसविण्याच्या कामीं लागला. एस्न येथून एक धडा स्पष्ट मिळतो. छावणी कितीही उदात्त असो, ज्या भूमीवर ती भरते तेथील माणसानें तिला आपली मानिली नाहीं तर ती टिकत नाहीं. घरधनी हवा, केवळ पाहुण्यांनीं घर होत नाहीं.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. इ. स. १९४९ त बाबा आमटे यांनीं वरोरा येथें महारोगी सेवा समिती स्थापन केली. नंतर सरकारकडून मिळालेल्या पन्नास एकर खडकाळ रानांत ते पत्नी साधनाताई, दोन लहान मुलें आणि सहा कुष्ठरोगी यांसह राहावयास गेले. त्या जागेस आनंदवन हें नांव मिळालें. गांठीस चौदा रुपये आणि दावणीस एक लंगडी गाय होती, असें सर्वत्र सांगितलें जातें. आरंभीं आनंदवनांत पिकलेली भाजी वरोऱ्याच्या बाजारांत कोणी घेत नसे. पुढें इ. स. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत वर सांगितलेल्या सर्व्हिस सिव्हिलचे निरनिराळ्या देशांचे तरुण तेथें आले, कांहीं महिने राहिले, आणि त्यांनीं आरंभींच्या इमारती बांधिल्या. परदेशचीं मुलें कुष्ठरोग्यांच्या पंक्तीस बसून जेवतात हें पाहून वरोऱ्याच्या लोकांची भीति हळूहळू ओसरली. सेरेसोलची छावणी एस्न येथें उठविली गेली होती. तीच चळवळ वरोऱ्याच्या रानांत मात्र रुजली. कारण येथें तिला घरधनी मिळाले होते, आणि ते घरधनी म्हणजे ज्यांस स्वतःच्या घरीं थारा उरला नव्हता असे लोक होते.

या अनुभवांतूनच पुढें सोमनाथची छावणी निघाली. इ. स. १९६७ च्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्याच्या मूल तालुक्यांत सोमनाथ येथें आमटे यांस सरकारकडून मोठी रानजमीन मिळाली. तेथें श्रमिकांचें विद्यापीठ उभारावें अशी त्यांची कल्पना होती. तें विद्यापीठ त्या रूपानें उभें राहिलें नाहीं. परंतु दोन गोष्टी उभ्या राहिल्या. एक, रोगमुक्त झालेल्या माणसांची शेतीची वसाहत. आणि दुसरी, तरुणांची श्रमसंस्कार छावणी. ही छावणी पुढें मे महिन्याच्या मध्यास, बहुधा १५ ते २२ तारखेपर्यंत, भरत आली. विदर्भांतील तो काळ म्हणजे उन्हाचा कहर. अशा दिवसांत महाराष्ट्राच्या सर्व भागांतून, आपल्या मराठवाड्यांतूनही, तरुण तेथें जातात. पहाटे उठून कुदळ-फावडें घेतात आणि दुपारीं व संध्याकाळीं विचारवंतांचीं भाषणें ऐकतात.

या छावणीविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. पण तें बहुधा तरुणांच्या बाजूनें. आम्हांस येथें दुसरी बाजू सांगावयाची आहे. तरुण आठ दिवस असतात. वसाहतींतील माणसें तीनशें सत्तावन्न दिवस असतात. छावणीचें खरें बळ तेथें आहे.

रानांतील कायमच्या छावणीची जागा सांभाळणें म्हणजे काय, हें ज्यांनीं केलें नाहीं त्यांस तें सोपें वाटतें. म्हणून त्याचें वर्ष आम्ही क्रमानें मांडतों.

मे महिन्यांत तरुणांनीं मातीचा बांध घातला, मोजमाप झालें, टाळ्या झाल्या, तरुण गेले. जूनमध्यें पहिला पाऊस येतो. नवी माती अजून बसलेली नसते. ती खचते, भेगाळते, उंदराच्या किंवा खेकड्याच्या बिळांतून पाणी वाट काढतें. त्या रात्रीं कंदील घेऊन बांधावर कोणी फिरला नाहीं आणि झिरपणारें छिद्र दगडमातीनें बुजविलें नाहीं, तर आठ दिवसांचे श्रम एका तासांत वाहून जातात. तरुण आपल्या गांवीं सांगत असतो, 'आम्हीं बांध बांधिला.' तें खोटें नव्हे. पण तो बांध उभा राहिला तो राखणदाराच्या जागरणानें.

श्रावण-भाद्रपदांत गवत माणसाच्या कमरेइतकें वाढतें. पायवाटा मोकळ्या ठेवाव्या लागतात, कारण साप-विंचवांचा तो काळ. धान्याच्या कोठींत ओल शिरूं नये म्हणून रोज पाहावें लागतें. पावसाळा सरला कीं लावलेल्या रोपांभोंवतीं आळीं करावयाचीं, कुंपणास कांट्या लावावयाच्या, गुरें हांकावयाचीं. माघ-फाल्गुनांत गवत वाळतें व वणव्याचें भय सुरू होतें. तेव्हां जाळरेषा काढाव्या लागतात, म्हणजे आग पुढें सरकूं नये म्हणून हद्दीवरचा रुंद पट्टा आधींच साफ करून ठेवावयाचा. चैत्रांत विहिरीचें पाणी खालीं जातें. गाळ काढावयाचा, दोर-पोहरा पाहावयाचा, किती माणसांस किती दिवस पाणी पुरेल याचा अंदाज बांधावयाचा. वैशाखांत संडासाचे चर खणावयाचे, छपरें शाकारावयाचीं, सरपण फोडून रचावयाचें, आणि शेंकडों फावडीं, कुदळी, टिकाव, घमेलीं बाहेर काढून त्यांचे दांडे ठोकून घट्ट करावयाचे. सैल दांड्याची कुदळ नवशिक्याच्या हातीं गेली तर कोणाचें तरी डोकें फुटावयाचें. हें सर्व झालें म्हणजे तरुण येतात, आणि त्यांस वाटतें कीं जागा अशीच होती.

सोमनाथसारख्या वसाहतींत या कामास आणखी एक अर्थ आहे, आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कुष्ठरोगानें मज्जातंतूंस बाधा झाली म्हणजे हातापायांची संवेदना जाते. रोग औषधानें बरा होतो, इ. स. १९८१ त जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति पुढें आणल्यापासून तो अधिक लवकर व खात्रीनें बरा होऊं लागला. परंतु एकदां पूर्णपणें गेलेली संवेदना बहुधा परत येत नाहीं. अशा माणसाच्या तळहातास फावड्याच्या दांड्यानें फोड आला तरी त्यास कळत नाहीं. पायांत कांटा मोडला तरी तो चालत राहतो. तापलेलें भांडें हातीं धरिलें तरी हात मागें येत नाहीं. जखम चिघळते आणि बोटें जातात. म्हणून अशा माणसांस शिकविलें जातें कीं, दांड्यास कापड गुंडाळावें, काम थांबवून मधून मधून हात पाहावे, आणि रोज संध्याकाळीं हातपाय धुऊन डोळ्यांनीं तपासावे. वेदना ज्यास सांगत नाहीं त्यास नजरेनेंच जाणून घ्यावें लागतें.

वाचकहो, राखणदाराच्या कामाचें सारें शास्त्र आम्हांस या एका नियमांत दिसतें. छप्पर गळण्यापूर्वीं ओरडत नाहीं. बांध फुटण्यापूर्वीं हांक मारीत नाहीं. विहीर आटतांना निरोप पाठवीत नाहीं. ज्या वस्तूंस वाचा नाहीं त्यांकडे रोज पाहणारा कोणी तरी हवा. ज्या माणसांस आपल्या शरीराविषयीं हा धडा गिरवावा लागला, त्यांनींच रानाची व जागेची राखण केली, हा योग विलक्षण खरा. आणि त्याहूनही विलक्षण हें कीं, ज्यांच्या हातचें पाणी गांवानें नाकारलें, त्यांनीं सांभाळलेल्या विहिरीचें पाणी दर मे महिन्यांत गांवोगांवचीं मुलें पितात. तेथें हीं मुलें उपकार करावयास गेलेलीं नसतात. तीं पाहुणीं असतात. घरधनी कोण व पाहुणा कोण हें उलगडलें कीं दयेचा सूर आपोआप उतरतो आणि आदर उरतो. छावणीचें हें शिक्षण कोणत्याही व्याख्यानांत मिळत नाहीं.

आतां आपण आपल्या जिल्ह्यांत परत येऊं. बीड हा बालाघाटाच्या डोंगररांगांचा व पर्जन्यछायेचा जिल्हा. उत्तरेस गोदावरी, दक्षिणेस मांजरा, आणि मध्यें पाऊस चुकला कीं कोरडी पडणारी मोठी जमीन. इ. स. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यांत होता. शाळा थोड्या, पाटबंधारे थोडे. तिकडे शेजारच्या नगर जिल्ह्यांत इ. स. १९५० त प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढील दशकांत पश्चिम महाराष्ट्रभर असे कारखाने वाढत गेले. त्यांस ऊस तोडणारे हात हवे होते. बीडच्या कोरड्या गांवांत हात होते व काम नव्हतें. इ. स. १९७२ च्या दुष्काळानें ही वाट आणखी रुंद केली. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवराबायको मिळून एक कोयता व्हावयाचें, बैलगाडी जुंपून निघावयाचें, फडाजवळ कोपी उभारावयाची, आणि उन्हाळा लागला कीं परतावयाचें, असें लाखो लोकांचें जीवन ठरून गेलें.

या जाण्यांत मुलांचें काय होतें, हें आपण सर्व जाणतों. आईबापांबरोबर गेलें तर मूल शाळेस मुकतें आणि कोपीवर धाकट्या भावंडांस सांभाळतें. मागें राहिलें तर म्हाताऱ्या आजीच्या ओसरीवर एकटें पडतें. मुलगी वयांत आली असेल तर तिला एकटी ठेवावी कशी, या भीतीनें तिचें लग्न अकालीं उरकलें जातें. बालविवाहांविषयीं आपल्या जिल्ह्याचें नांव वारंवार निघतें त्याचें हें एक मोठें कारण आहे. कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, गांवांत हंगामी वसतिगृहें निघालीं, इ. स. २०२१ मध्यें राज्य शासनानें संत भगवानबाबांच्या नांवानें ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं वसतिगृहांची योजना मंजूर केली. हें सर्व इष्टच आहे. परंतु वसतिगृह म्हणजे चार भिंती व खाटा नव्हेत. रात्रीं दोन वाजतां तापानें फणफणलेल्या मुलाच्या उशाशीं जो बसतो, तो असला तर वसतिगृह. नसला तर ती केवळ इमारत.

असे राहणारे लोक आपल्या जिल्ह्यांत निघाले, आणि त्यांच्या कामाचा धागा आनंदवनाशीं जुळतो, हें सांगतांना आम्हांस आनंद वाटतो. शिरूर कासार तालुक्यांतील आर्वी येथें दीपक व कावेरी नागरगोजे या दांपत्यानें इ. स. २००० च्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं 'शांतिवन' सुरू केलें. त्यामागें बाबा आमटे यांच्या कार्याची प्रेरणा होती. बीड शहराजवळ पाली येथें दत्ता व संध्या बारगजे यांनीं एच. आय. व्ही. बाधित मुलांसाठीं 'आनंदग्राम' वसविलें. बारगजे यांनीं त्यापूर्वीं गडचिरोली जिल्ह्याच्या रानांत आरोग्याचें काम केलें होतें व तेथील आमटे परिवाराचें कार्य जवळून पाहिलें होतें. या दोन्ही ठिकाणीं काम चालविणारें कुटुंब मुलांबरोबर तेथेंच राहिलें. सोमनाथच्या राखणदाराकडे आठ दिवस गर्दी व वर्षभर शांतता. येथें ऊसतोडीचे सहा महिने सर्वांत दाट गर्दीचे. पण कामाचा प्रकार एकच. पाणी, छप्पर, धान्य, आजार, कुंपण, आणि रोज फिरणारी नजर.

सरकारी रानांतही असा राखणदार असतो, त्याचाही येथें उल्लेख करणें योग्य होय. आपल्या जिल्ह्यांत जंगल थोडें. तरी पाटोदा तालुक्यांत नायगांव येथें इ. स. १९९४ त मोरांसाठीं अभयारण्य घोषित झालें. वनरक्षक, त्यावर वनपाल, त्यावर वनक्षेत्रपाल, अशी खात्याची उतरंड आहे. पण मोराच्या अंड्यांवर व उन्हाळ्याच्या पाणवठ्यावर ज्याची नजर असते तो उतरंडींतील सर्वांत खालचा माणूस. सहलीस गेलेल्यांस मोर दिसतो. राखणदार दिसत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, 'हें सर्व खरें. पण राखणदार पगार घेतो, मग त्याची एवढी स्तुति कशाला?' आमची इच्छा स्तुतीची नाहीं. ती न्यायाची आहे. जागेवर राहणाऱ्या माणसास कामाची वेळ नसते, म्हणून सुटीही नसते. दार कोणत्याही घटकेस वाजतें. त्याचीं स्वतःचीं मुलें रानांतच वाढतात आणि त्यांची शाळा दूर असते. त्याच्या पत्नीचें काम हिशेबांत कोठेंच लिहिलेलें नसतें, जरी अर्धी छावणी तिच्या चुलीवर चालते. तो आजारी पडला तर त्याच्या जागीं कोणास ठेवावें, याचा विचार पुष्कळदां तो आजारी पडल्यावरच होतो. त्याग हा शब्द फार सुंदर आहे. पण त्या शब्दाच्या आडून एखाद्याचा पगार, त्याची विश्रांति व त्याचें म्हातारपण विसरलें जाऊं नये. ज्या संस्था आपल्या राखणदारास विसरल्या, त्यांच्या विहिरी बुजल्या व छपरें बसलीं. त्यांचीं भाषणें मात्र अजून छापील स्वरूपांत शिल्लक असतील.

सारांश, छावणीच्या इतिहासांत दोन प्रकारचीं माणसें असतात. एक येणारीं, दुसरीं राहणारीं. दोन्ही हवींत. येणारा उत्साह आणतो, नवा विचार आणतो, आणि जातांना स्वतः बदलून जातो. त्याच्यावांचून जागा ओसाड होईल. राहणारा त्या उत्साहास अंथरूण, पाणी व सावली देतो. त्याच्यावांचून उत्साह वाऱ्यावर उडून जाईल. आजवर इतिहास पहिल्याचा लिहिला गेला. दुसऱ्याचा लिहिण्याचें काम आपणां सर्वांकडे आहे.

म्हणून आपल्या तरुणांस आमची एवढीच विनंती आहे. पुढील उन्हाळ्यांत आपण ज्या छावणीस जाल, तेथें पहिल्या दिवशीं पाणी कोण भरतो तें पाहा व त्याचें नांव विचारा. आपण घातलेल्या बांधाची पहिल्या पावसानंतर एका पत्रानें चौकशी करा. शेवटच्या दिवशीं आपलें फावडें धुऊन, पुसून, त्याच्या जागीं ठेवून मग निघा. आणि ज्यांच्या हातीं संस्थांचा कारभार आहे त्यांनीं वार्षिक वृत्तांतांत पाहुण्यांच्या नांवांखालीं एक ओळ राखणदारासाठीं लिहावी, आणि तीच ओळ पगाराच्या व सुटीच्या वहींतही असूं द्यावी. आपल्या जिल्ह्यांतील गांवें दसऱ्यास रिकामीं होतात तेव्हां ज्या एखाद्या घरांत दिवा लागलेला असतो, त्या दिव्याभोंवतींच मागें राहिलेलीं मुलें गोळा होतात. तो दिवा लावणारा माणूस आपल्या ओळखीचा असावा.